मोहिमेवरील सैन्याचे स्वावलंबन : गोदातीर ते लडाख

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. लष्करी इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र गावाबरोबरच त्याच्या सभोवतालच्या प्रदेशाकडेही पाहावयास हवे. दक्षिणेस गोदावरी, उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आणि मधे ज्वारी व कडबा देणारी काळी जमीन, असा हा पट्टा आहे. धान्य, वैरण व पाणी जेथे मिळते तेथे फौजा येतात, या न्यायाने मोगल, मराठे, निजाम व इंग्रज या सर्वांची सैन्ये येथून गेली. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालन्यावर स्वारी केली; १७६३ मध्ये गोदाकाठी राक्षसभुवन येथे पूर आलेल्या नदीने निजामाची फौज दुभंगली असता माधवराव पेशव्यांनी तिचा पराभव केला; आणि १८०३ मध्ये असई येथे शिंदे-भोसल्यांची व इंग्रजांची लढाई झाली. दूर गेलेल्या सैन्याने आपल्या गरजा स्वतः किती भागवाव्यात, हा आज सौरऊर्जा व हायड्रोजन यांच्या संदर्भात चर्चिला जाणारा प्रश्न या भूमीला नवा नाही.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘मुलखावर जगणारे’ सैन्य आणि स्वावलंबी सैन्य ही एक नव्हेत. पहिल्या प्रकारचे सैन्य पाठीमागच्या रसदेवर अवलंबून नसते हे खरे, परंतु ते रयतेच्या कणगीवर अवलंबून असते, आणि कणगी रिती झाली की त्याला पुढे सरकावेच लागते. शिवाजी महाराजांच्या कारकीर्दीत चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस गेलेले पत्र या दृष्टीने मननीय आहे. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणा-वैरण आताच बेहिशेबी उधळले तर पुढे घोडी मरतील, शिपाई रयतेचे धान्य-भाजी उचलू लागतील आणि रयतेस आपल्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. उंदराने पेटती वात ओढून नेली तर वैरणीस आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत हे पत्र जाते. शिलकेचा हिशेब व रयतेचे रक्षण यांना एकाच सूत्रात गोवणारी ही दृष्टी आजच्या कित्येक लष्करी अहवालांपेक्षा अधिक प्रगल्भ आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता रसदेचे गणित पाहू. रसद वाहून नेणारे साधन स्वतःही खाते. बैल कडबा खातो, मालमोटार डिझेल पिते. समजा, तळापासून आघाडीपर्यंत पाच टप्पे आहेत व प्रत्येक टप्प्यावर वाहतुकीतच मालाचा पाचवा हिस्सा खर्ची पडतो. तर तळावरून निघालेल्या १०० शेर मालापैकी आघाडीवर जेमतेम ३३ शेर पोहोचेल. म्हणजे आघाडीवर एका शेराची बचत झाली, तर तळावर सुमारे तीन शेरांची बचत होते. हे प्रमाण टप्प्यांच्या संख्येबरोबर गुणाकाराने वाढत जाते. म्हणूनच अंतिम टोकावरील अल्पशा स्वावलंबनासही मोठे मोल असते.

१८०३ च्या मोहिमेत आर्थर वेलस्ली याने हे गणित ओळखले होते असे दिसते. १२ ऑगस्ट रोजी अहमदनगरचा किल्ला घेऊन त्याने प्रथम कोठाराची सोय केली. पुढे औरंगाबाद गाठल्यावर, हैदराबादेकडे जाणारा रस्ता व दक्षिणेकडून येणारे रसदेचे तांडे यांच्या संरक्षणासाठी तो राक्षसभुवनच्या बाजूस गोदातीरावर उतरला. पावसाळा ही त्याने अडचण न मानता संधी मानली. भरलेल्या नद्या घोडदळाला अडवितात. वेताच्या सांगाड्यावर कातडे मढविलेल्या टोपलीवजा होड्या ज्याच्याजवळ आहेत, त्याला त्या अडवीत नाहीत. धान्यासाठी त्याची मोठी भिस्त बंजाऱ्यांच्या तांड्यांवर होती. तांड्याचा बैल पाठीवर धान्य वाहतो, पण ते खात नाही. वाटेतील गवतावर चरत जातो. वर मांडलेल्या गणितातील पाचवा हिस्सा येथे जवळजवळ शून्यावर येतो. नूतनक्षम ऊर्जेवर चालणारी वाहतूक ती हीच! परंतु पाऊस चुकला की गवत नाही, आणि गवत नाही तर तांडा नाही. १८०३-०४ मध्ये युद्धाची धूळधाण व अवर्षण यांमुळे दख्खनमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा ही मर्यादा उघड झाली. २३ सप्टेंबरला केळना व जुई या नद्यांमधील चिंचोळ्या जागेत असईचा संग्राम झाला. तेथील यशाचे श्रेय केवळ रसदेला देणे अतिरेकाचे होईल. मात्र तेथवर सैन्य लढण्याच्या स्थितीत पोहोचले, याचे श्रेय निःसंशय तिला आहे.

स्थिर शिबंदीचा विचार मराठी परंपरेत याहून सखोल आढळतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरण या विषयाचा एक आद्य ग्रंथच मानावा लागेल. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. पाणी नसून स्थळ अपरिहार्य असेल तर खडक फोडून टाकी-तळी करावीत. झरा असला तरी त्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या आवाजाने झरे आटतात. या शेवटच्या कारणाविषयी भूशास्त्रज्ञ शंका घेतील. तरीही एकाच स्रोतावर विसंबू नये हा नियम निर्विवाद होय. सह्याद्रीच्या कातळात टाके खोदले की निघालेला दगड तटाच्या कामी येतो; एकाच श्रमात जलसंचय व बांधकामाचे साहित्य ही दोन्ही साधतात. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ इत्यादी झाडे लावून ती जतन करावीत, प्रसंगी त्यांचे लाकूड उपयोगी पडते, असेही अमात्य सांगतात. सर्वांत लक्षणीय आज्ञा केराविषयी आहे. केर गडाखाली न टाकता जागोजागी जाळावा, राख परसात घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा. टाकाऊ पदार्थाचे खत, खतातून अन्न आणि तेवढ्यापुरते खालून वर वाहण्याचे ओझे कमी, असे हे चक्र तीन शतकांपूर्वी राजाज्ञेच्या भाषेत नोंदले गेले.

लडाखमधील आजच्या ठाण्यांची स्थिती दुर्गम गडासारखीच आहे. फरक उंचीचा व थंडीचा. १९८४ पासून सियाचीनवर सैन्य आहे. तेथे ऊब, स्वयंपाक व बर्फाचे पाणी करणे यांसाठी रॉकेल हाच मुख्य आधार राहिला असून, बंद निवाऱ्यातील त्याच्या काजळीचा त्रास जवानांच्या फुप्फुसांना होतो. लेह येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या संरक्षण संशोधन संस्थेने जमिनीत चर खणून त्यावर पारदर्शक आच्छादन घालण्याची हरितगृहे प्रचारात आणली. मातीची ऊब व दिवसाचे ऊन यांवर तेथे थंडीतही पालेभाजी येते. अतिशीत हवामानात मानवी मैला कुजत नाही. त्यासाठी संरक्षण संशोधन व विकास संघटनेने थंडी सोसणाऱ्या जिवाणूंवर चालणारे जैवपाचक तयार केले. पुढे हेच तंत्र रेल्वेच्या शौचालयांत आले. २०२१ मध्ये सोनम वांगचुक यांनी जवानांसाठी सूर्याच्या उष्णतेवर उबदार राहणारा, सुटे भाग करून नेता येणारा तंबू दाखविला. चुशुल येथे दिवसाच्या सौरविजेतून हायड्रोजन बनवून रात्री त्यापासून वीज मिळविण्याचा २०० किलोवॉटचा प्रकल्प राष्ट्रीय औष्णिक विद्युत निगमाने सैन्याबरोबर हाती घेतला. डिझेलच्या जनित्रांची जागा त्याने घ्यावी हा हेतू आहे.

अमेरिकेचा अनुभवही बोलका आहे. अफगाणिस्तानातील २००७ च्या आकडेवारीवरून तेथील सैन्याच्या एका अभ्यासाने असा निष्कर्ष काढला की, इंधनाच्या सरासरी दर २४ ताफ्यांमागे एक माणूस ठार वा जखमी होतो. बचत झालेल्या पिंपांचा हिशेब अशा वेळी माणसांचा हिशेब ठरतो.

तथापि या साधनांचे अवास्तव कौतुक करणे योग्य नव्हे. सौरपट्ट काडतुसे निर्माण करीत नाही. कडाक्याच्या थंडीत विद्युत्‌घटांची क्षमता घटते. पट्ट, घट व त्यांचे सुटे भाग कोठेतरी कारखान्यात बनतात. दररोजच्या डिझेलवरील अवलंबन जाऊन त्याच्या जागी दूरच्या कारखान्यावरील अवलंबन येते. दुरुस्ती जाणणारा जवान ठाण्यावर नसेल, तर नादुरुस्त यंत्रापेक्षा रॉकेलची शेगडी बरी. शिवाय लडाखमधील पाणी हिमनद्यांच्या वितळण्यावर अवलंबून असून त्याचे वाटप गावोगावी परंपरेने ठरलेले आहे. ठाण्याच्या भाजीच्या वाफ्याला व हायड्रोजन बनविण्याला लागणारे पाणी याच साठ्यातून येणार. तेव्हा अशा प्रकल्पांच्या आराखड्यांत किलोवॉटच्या रकान्याशेजारी शेजारच्या गावाच्या पाण्याच्या पाळीचाही रकाना असावा, आणि तो भरण्यापूर्वी गावाला विचारले जावे.