सात वर्षे म्हणजे सात वर्षे

युनियनच्या माणसाने सिनेनटीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण हॉलिवूडची ऑलिव्हिया डी हॅविलंड आम्हांला आमच्यातलीच वाटते. का, ते थोडक्यात सांगतो.

तिचा जन्म १९१६ साली टोकियोत, इंग्रज आईबापांच्या पोटी झाला. वाढली ती कॅलिफोर्नियात. विशीच्या आतच वॉर्नर ब्रदर्स कंपनीने तिला करारात बांधून घेतले. 'रॉबिन हूड' (१९३८) आणि 'गॉन विथ द विंड' (१९३९) या चित्रपटांनी तिचे नाव झाले. तरी कंपनी देई त्या भूमिका बहुधा शोभेच्या बाहुलीच्या. भूमिका नाकारली की निलंबन! त्या काळात पगार बंद, दुसरीकडे काम करण्यास मनाई. आणि वर तेवढे दिवस कराराच्या शेवटी जोडले जात. खाड्याचा पगार कापला जातो, हे आमचा कामगार जाणतो. पण खाड्याइतकी बांधिलकी वाढते, ही तऱ्हा हॉलिवूडची!

मे १९४३ मध्ये तिच्या कराराची सात वर्षे भरली. कंपनी म्हणाली, अजून सुमारे सहा महिने बाकी आहेत. तेव्हा ती कोर्टात गेली. बेटी डेव्हिस ही नटी याच कंपनीविरुद्ध १९३६ साली लंडनच्या कोर्टात हरली होती, हे ध्यानात घ्या.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार कोणालाही सात वर्षांपलीकडे नोकरीच्या करारात अडकवता येत नव्हते. प्रश्न एवढाच, की ही वर्षे पंचांगाची की प्रत्यक्ष कामाची? कोर्टाने सांगितले, पंचांगाची. आणि कामगाराने सही करून दिली तरी हा हक्क सुटत नाही. डिसेंबर १९४४ मध्ये अपील कोर्टानेही हाच निकाल कायम केला.

दरम्यान वॉर्नरने इतर कंपन्यांना इशारे धाडले होते. सुमारे दोन वर्षे तिला चित्रपटात काम नव्हते. पुढे मात्र 'टू ईच हिज ओन' (१९४६) आणि 'द एअरेस' (१९४९) या चित्रपटांसाठी तिला दोनदा ऑस्कर मिळाले. २०२० साली पॅरिसमध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी ती वारली. तो नियम आजही तिच्याच नावाने ओळखला जातो.

कायदा पुस्तकात आधीपासूनच होता. त्याला जाग आणायला एक वादी लागला. नामवंत नटीला दोन वर्षे तग धरता आला. ज्याच्या घरी उद्याच्या पिठाची चिंता आहे, त्याने एकट्याने इतका तग कसा धरावा? त्याच्यासाठीच तर युनियन असते.