उभं कोकण, आडव्या वाटा

दापोलीहून गुहागर नकाशात अगदी हाताशी दिसतं. मधे वाशिष्ठीची खाडी आहे. रस्त्याने जायचं तर खेड, चिपळूण असा वळसा घालत जवळजवळ शंभर किलोमीटर पडतात. तेच दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोट धरली, तर काही मिनिटांत पलीकडे धोपावे, आणि तिथून गुहागर जवळच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरण्याचं सगळं गणित या एका खाडीत सापडतं.

सह्याद्री आणि समुद्र इथे एकमेकांच्या जवळ आहेत. डोंगरातून निघालेल्या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात आणि मुखाशी रुंद खाड्या होतात. म्हणून उत्तर-दक्षिण जाणारी मोठी वाट किनाऱ्यापासून आत, नद्या अरुंद असतात तिथून काढावी लागली. मुंबई-गोवा महामार्ग तसाच गेला, आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर धावू लागलेली कोकण रेल्वेही. म्हणून इथे स्टेशन एकीकडे, समुद्र दुसरीकडे. दापोलीला खेड, गुहागरला चिपळूण, गणपतीपुळ्याला रत्नागिरी, मालवणला कुडाळ किंवा कणकवली. स्टेशनपासून किनारा साधारण २५ ते ४५ किलोमीटर. सहल ठरवताना सगळा जीव रेल्वेच्या आरक्षणात अडकलेला असतो, पण दिवस वाचतो की वाया जातो, हे ठरतं या शेवटच्या टप्प्यावर.

हा आडवा टप्पा मुख्यतः एसटीचा. तिचं वेळापत्रक समजून घ्यायचं तर ते कोणासाठी केलंय हे आधी ध्यानात घ्यावं. सकाळी गावातून तालुक्याला शाळा-कॉलेजची मुलं, कोर्ट-कचेरीची माणसं, बाजारात जाणाऱ्या बायका. दुपारनंतर तीच मंडळी परत. शेवटची गाडी संध्याकाळी तालुक्याहून सुटते, रात्री गावातच मुक्काम करते आणि पहाटे पहिली फेरी म्हणून परत निघते. हिला वस्तीची गाडी म्हणतात. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. ही गाडी आहे म्हणून आडगावातला आजारी माणूस सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात पोचतो. पर्यटकालाही तिचा उपयोग आहे: संध्याकाळी वस्तीच्या गाडीने गावात उतरा, घरगुती सोय असेल तिथे राहा, सकाळी लवकर निघा. उलट दुपारी समुद्रावर जाऊन सूर्यास्त पाहून परत येण्याचा बेत एसटीवर बेतला, तर अंधारात रस्त्यावर उभं राहावं लागेल, कारण त्या वेळी गाड्या गावाकडे येत असतात, गावातून जात नसतात. रविवारी आणि शाळांच्या सुट्टीत काही फेऱ्या बंद असतात, हेही लक्षात ठेवावं. फोनवरच्या वेळांपेक्षा स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचारलेलं खरं. कंट्रोलरला नुसतं "मालवण गाडी कधी?" न विचारता "शेवटची गाडी कधी, आणि ती आज आहे ना?" असं विचारावं.

तिकिटाची गोष्टही सांगायला हवी. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना तर राज्यात प्रवास मोफत. आजी-आजोबांना घेऊन कोकणात जाणाऱ्या कुटुंबाचा खर्च यामुळे किती हलका होतो!

एसटी चुकली तर वडाप किंवा रिक्षा. वडाप म्हणजे माणशी भाडं घेणारी खासगी गाडी; ती ठरलेल्या रस्त्यावर, भरली की सुटते. स्टेशनवरची रिक्षा किनाऱ्यापर्यंत एकट्याने केली तर महाग वाटते, पण रिक्षावाल्याला परतीचं भाडं बहुधा मिळत नाही. जाण्यायेण्याचं मिळूनच तो सांगतो. तिघे-चौघे जमवून निघावं, पैसे आधी ठरवावेत. मालवणसारख्या ठिकाणी दुचाकीही भाड्याने मिळते.

आता पुन्हा पाण्याकडे. दाभोळ-धोपावे फेरी २००३ मध्ये सुरू झाली, आणि पुढे वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी अशा जागीही गाड्या-माणसं एकत्र नेणाऱ्या बोटी आल्या. यांच्यामुळे हरिहरेश्वरहून बाणकोटची खाडी ओलांडून मंडणगड, दापोली, मग गुहागर, मग तवसाळहून जयगड आणि गणपतीपुळे, अशी समुद्र न सोडता जाणारी वाट जुळते. माझ्या मते महाराष्ट्रातला याहून सुंदर प्रवास नाही. पण आपलं वाहन नसलेल्याने एक पाहून ठेवावं: बोट पलीकडे उतरवते, आणि त्या धक्क्यावर एसटी उभी असेलच असं नाही. आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी सांगून ठेवलं, तर ते पलीकडच्या रिक्षावाल्याला फोन करतात. कोकणात हा फोन अनेक वेळापत्रकांपेक्षा भरवशाचा.

पावसाळ्यात सगळं बदलतं. जूनपासून कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर, कमी वेगाने धावते. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि गेटवे-मांडवा बोटी बंद होतात. गणपतीत जादा गाड्यांचा पूर येतो, पण तो चाकरमान्यांचा, आणि त्यांचाच पहिला हक्क. त्या आठवड्यात फिरायला जाणाऱ्याने थोडं थांबावं.

खाड्यांवर पूल हवेत ही मागणी जुनी आहे. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या सुमारास, रेवस-रेडी सागरी मार्गाचं स्वप्न मांडलं गेलं. आजही त्यावरच्या काही मोठ्या खाड्यांचे पूल व्हायचे आहेत. ते व्हावेतच. पण पूल झाला आणि त्यावरून फक्त मुंबई-पुण्याच्या मोटारी धावल्या, तर फेरीबोटीने पायी पलीकडे जाणाऱ्या मासेवालीचं काय? तिची बोट बंद होईल आणि बस सुरू झालेली नसेल. पुलाच्या आराखड्यासोबत त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्याही त्याच दिवशी ठरायला हव्यात. आणि त्याआधी, पूल न बांधता करता येण्यासारखं एक काम आहे: सकाळी कोकणकन्या एक्सप्रेस कुडाळला थांबते, तेव्हा मालवण आणि वेंगुर्ल्याच्या गाड्या स्टेशनच्या दारात उभ्या असाव्यात, आणि रेल्वेला उशीर झाला तर त्यांनी तिची वाट पाहावी.