बैठक बरखास्त

एकात्मिक बालविकास सेवा योजनेला 2 ऑक्टोबर 2025 रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने त्याच वर्षी 12 एप्रिलला विशी गाठली. या दोन मुहूर्तांवर जे गौरवलेख माझ्या वाचनात आले, त्यांत अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्या त्यागाची स्तुती विपुल होती. परंतु गावात एकटीने राबणाऱ्या या स्त्रीला तिचे कोठे चुकले ते न हिणवता सांगणारे, आणि एखादे मूल तिच्या डोळ्यांदेखत दगावले तर तिच्यापाशी बसून ऐकून घेणारे कोणी कधी होते काय, हा प्रश्न त्या लेखकांपैकी एकालाही सुचला नाही. होते, हे मी सांगू शकतो, कारण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे नाव औरंगाबाद होते त्या काळात, जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात नोकरीस असताना, ते मी पाहिले आहे.

आरंभीची तीस वर्षे मी भरभर ओलांडतो, कारण त्यांत रजिस्टरांच्या तपासणीखेरीज फारसे काही नाही. 1975 साली देशात ज्या 33 प्रकल्पांपासून बालविकास योजना सुरू झाली त्यांत मेळघाटातील धारणी होते. 1977 च्या गांधी जयंतीला जनता राजवटीने खेडोपाडी आरोग्य रक्षक नेमले, ते मानधनाच्या तंट्यांत आणि वारंवारच्या नामांतरांत विरून गेले. या सपाट प्रदेशात उंचवटा एकच, आणि तो बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून तेथे ज्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्या घडविल्या, त्या बहुतांशी निरक्षर, कित्येक दलित, अशा बायका होत्या; त्या नेमाने केंद्रावर येत, मुक्काम करीत, आणि डॉक्टरांच्या शिकवणीइतक्याच एकमेकींच्या अनुभवावर शहाण्या होत. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे पाहुणे जामखेड पाहून गेले, आणि आमच्या शासनानेही पुढेमागे गावातली कार्यकर्ती ही कल्पना उचलली. मुक्काम तेवढा जामखेडलाच राहू दिला.

2005 साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनची कचेरी आमच्या शहरात उघडली. येथील विभागीय आयुक्त असताना व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची कुपोषित बालके हुडकण्याचा जो उद्योग आरंभिला होता, त्याचेच ते राज्यव्यापी रूप. दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपणाचे प्रमाण 2005-06 मधील 39 टक्क्यांवरून 2012 मध्ये 23 टक्क्यांवर आल्याचे आढळले, तेव्हा त्याचा गाजावाजा रास्तच झाला. पुढच्या राष्ट्रीय पाहण्यांत राज्यातील पाच वर्षांखालील मुलांचा आकडा 2015-16 ला 34 आणि 2019-21 ला 35 टक्के निघाला. वयोगट भिन्न असल्याने ही वजाबाकी सरळ मांडता येत नाही हे खरे, परंतु टाळ्या वाजविणारी मंडळी या दुसऱ्या आकड्यांच्या वेळी कोठे गेली होती, हे मला आजवर उमगलेले नाही.

माझे दशक साधारण 2008 ते 2018 चे. हजार वस्तीमागे एक आशा आणि सुमारे वीस आशांमागे एक गटप्रवर्तक, अशी रचना कागदावर होती, आणि महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात या सर्वांची बैठक भरे. वैजापूरकडच्या एका केंद्रातल्या अशा कित्येक बैठकांना मी हजर असे. दुपारपर्यंत अहवाल, लसीकरणाची उद्दिष्टे आणि थकलेल्या मोबदल्याचे हिशेब चालत. मग वैद्यकीय अधिकारी बाह्यरुग्ण विभागात जात, व्हरांड्यातल्या सतरंजीवर डबे उघडत, ठेचा-भाकरी या हातातून त्या हातात जाई, आणि जिची नोंद कोणत्याच दफ्तरात नाही ती खरी बैठक तेव्हा सुरू होई.

2011 नंतर नवजात बालकांच्या गृहभेटी आशांकडे आल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केलेल्या पद्धतीवर त्या बेतलेल्या होत्या: दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे, तापमान आणि वजन घ्यायचे, आणि सहाही भेटींचे मिळून अडीचशे रुपये. एका हिवाळ्यात एका तरुण आशेच्या गावी सातव्या दिवसाच्या आधीच बाळ गेले. वरून खुलासा मागविला गेला होता, तो तिने लिहून दिला होता, आणि डबा न उघडता ती भिंतीला टेकून बसली होती.

"बाळ दूध ओढत होतं का गं? पाय थंडगार लागले का?" एका वडीलधाऱ्या आशेने विचारले.

"तिसऱ्या दिवशी ओढत होतं. मग सासूनं उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नाही."

"मला बी नव्हती येऊ देत एक सासू," दुसरी म्हणाली. "मी काटा तिच्याच हातात दिला. म्हटलं, तुमच्या नातवाचं वजन तुम्हीच करा."

त्या काट्याची युक्ती प्रशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तिकेत मी वाचलेली नाही. गटप्रवर्तक बाईंनी तेथल्या तेथे ठरविले की पुढचे काही दिवस शेजारच्या गावची आशा या मुलीबरोबर गृहभेटींना जाईल. अशा सोबतीस मोबदल्याची तरतूद नसल्याने ते रोजनाम्यात आले नाही, आणि वरच्या कचेरीच्या लेखी ते घडलेच नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बालिंट यांनी 1950 च्या सुमारास डॉक्टरांना एकत्र बसवून आपापल्या अवघड रुग्णांविषयी मोकळेपणी बोलावयास लावले, त्यावर 1957 मध्ये ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून देशोदेशीचे डॉक्टर अशा मंडळांत बसतात. डॉक्टरांनी केले की ती चिकित्सापद्धती ठरते. आठवी उत्तीर्ण बायकांनी केले की काय ठरते, ते मला लवकरच ऐकावयास मिळाले.

दौऱ्यावर आलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने व्हरांड्यातली ती पंगत पाहून विचारले, "इथं काय हळदीकुंकू चाललंय?" पुढल्या महिन्यात हुकूम आला की बैठक एक वाजता बरखास्त करावी आणि येता-जाता दोन्ही वेळा हजेरीची सही घ्यावी. त्या गृहस्थांनी नंतर बढत्या मिळविल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी फिर्याद एवढीच, की बायकांना पंधरा मिनिटे बोलताना पाहून ज्याला वेळेचा अपव्यय दिसतो, त्याच्या हाती त्यांच्या कामाच्या मूल्यमापनाचा अधिकार असावा ही व्यवस्था आम्ही निमूट मान्य केली. गटप्रवर्तकांची गत तर याहून चमत्कारिक. आशांचा आधार म्हणून ज्यांना नेमले, त्यांचा मोबदला दौऱ्यांच्या संख्येवर बांधला. साहजिकच दौरा म्हणजे गाव, सही आणि पुढचे गाव असा क्रम झाला, आणि त्यांना स्वतःला कोणी आधार द्यावा ही कल्पना कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

उरलेसुरले 2020 ने नेले. करोनाच्या साथीत आशा घरोघर फिरत होत्या, सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम त्यांच्याच पायांवर चालली, आणि एकत्र बसण्यास अर्थातच मनाई होती. साथ ओसरली, मनाई उठली, सतरंजी मात्र परत अंथरली गेली नाही. तोवर साऱ्यांना मोबाइलची सवय जडली होती. अंगणवाडी सेविकांनी 2021 मध्ये निकृष्ट फोन शासनाला परत केले, तरी नोंदींचा तगादा थांबला नाही. 2025 पासून तर घरपोच आहाराचे पाकीट देण्यापूर्वी लाभार्थीचा चेहरा फोनकडून पडताळून घ्यावा लागतो. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. पुढे 2024 च्या फेब्रुवारीत, मान्य झालेल्या मानधनवाढीच्या शासन निर्णयासाठी, त्याच आशांना मुंबईच्या आझाद मैदानात बसावे लागले. मागण्यांच्या घोषणा संपल्या की त्या मांडवात दूरदूरच्या तालुक्यांतील बायका एकमेकींना आपापल्या गावची बाळंतपणे सांगत बसत, असे तेथे जाऊन आलेल्या आमच्याकडील एका आशेने मला सांगितले. इतक्या वर्षांनी इतके मनसोक्त बोलणे झाले म्हणून ती खूश होती, आणि त्यासाठी संप करावा लागला याचे तिला काही विशेष वाटले नाही.

मासिक बैठक बंद पडली काय, असे मी अलीकडे एका तालुक्याच्या कचेरीत विचारले. "छे, छे, नियमित होते," असे उत्तर आले. आता ती व्हीसीवर होते. गोंगाट नको म्हणून आशांचे आवाज तालुक्यावरूनच बंद ठेवलेले असतात, आणि काही अडचण असल्यास ग्रुपवर टाकावी अशी सूचना शेवटी दिली जाते. त्या ग्रुपवर लिहिण्याची मुभा फक्त ॲडमिनला आहे.