रॉड चिकटू द्या

पातूरला अकोला-वाशीम रस्त्याच्या कडेला आमचे शेतीची अवजारे दुरुस्त करण्याचे लहानसे दुकान आहे. वडील होते तोवर मी फक्त हिशेबाची वही सांभाळली. ते गेले, पाठोपाठ जुना कारागीरही गाव सोडून गेला. वेल्डिंगचे मशीन आठ महिने पोत्याखाली झाकलेले होते आणि त्याच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला जात होता. रोज सकाळी मी म्हणायचो, उद्यापासून शिकू.

घरचे म्हणत, आळस. पण श्रोतेहो, त्या आठ महिन्यांत मी शटरला रंग दिला, नटबोल्ट मापानुसार डब्यांत लावले, जुन्या वह्यासुद्धा बांधून ठेवल्या. भीतीचे काम टाळायचे असले की माणूस भारी कामसू होतो!

भीती दोन प्रकारची होती, हे मला उशिरा कळले. एक खरी. वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर लगेच काही होत नाही; पण काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. ओल्या हाताने होल्डर धरला तर शॉक बसतो. ठिणगी उडून कापूस पेटतो, आणि आमच्या भागात दिवाळीनंतर घराघरांत कापूसच असतो. या भीतीवर उपाय ठरलेले आहेत: दहा-अकरा नंबरची काळी काच, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, बंद बूट, कोरडी जमीन, जवळ वाळूची बादली. हे सगळे जमवायला मला एक दिवस लागला.

दुसरी भीती लोकांची. दुकान रस्त्यावर. मालकाच्या पोराला रॉडही पेटवता येत नाही, हे गाव बघणार! तिला हातमोजे मिळत नाहीत.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम शिकतात आणि गावाच्या उपयोगाच्या वस्तू करता करता शिकतात. आधी सगळे समजून घेऊ, मग हात लावू, असा माझा हिशेब होता. तिथला हिशेब उलटा होता, आणि तो मला पटला.

शेवटी आमच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या वेल्डर चाचांना गाठले. ते म्हणाले, “सकाळी सातला ये. बाजार उघडाच्या आंधी. फक्त पंधरा मिनिटं. अन् काही जोडू नको, भंगाराच्या पट्टीवर नुसत्या रेघा मार.”

पहिल्या दिवशी रॉड अकरा वेळा चिकटला. मी घाबरून होल्डरच ओढत बसलो. चाचा हसले. “चिकटतेच बापू. मनगटाले झटका दे, नाही सुटला तं होल्डरातून रॉड सोड.” मग कारण सांगितले. सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडला साधारण 90 ते 130 अँपिअर करंट लागतो. मी भीतीने तो फार कमी ठेवला होता, म्हणून रॉड जास्तच चिकटत होता. काडीपेटीवर काडी ओढावी तसा रॉड ओढायचा, लगेच किंचित उचलायचा आणि रॉडच्या जाडीएवढेच अंतर राखायचे. चौथ्या दिवशी रेघ सलग आली. वेडीवाकडी, पण सलग.

जुलैत डवरणीच्या घाईत एक शेतकरी डवरा घेऊन आले. पास ज्या लोखंडी आकड्यांत बसतो, त्यातला एक तुटला होता. मी जोडून दिला. दुसऱ्याच दिवशी ते परत आले. जोड उकलला होता. मला धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. चाचांनी तुकडा उलटा करून दाखवला. आत गंज तसाच होता, जोड फक्त वरवर बसला होता. मी ग्राइंडरने लोखंड पांढरे होईपर्यंत घासले, कडा तिरप्या केल्या, पुन्हा जोडले, पैसे घेतले नाहीत. ते गृहस्थ बांधावर बैल सोडून आले होते, म्हणून घाईने निघाले. पुढच्या आठवड्यात वखर घेऊन आले.