दुखणे सारखे, व्याधी निराळ्या

सर्वांगाला ठणका, रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड, आणि रक्ताचे सारे अहवाल मात्र निर्दोष. घरात असे कोणी असले की आळस किंवा मनाचे खेळ, असे दोनच तर्क निघतात. दोन्ही अन्यायाचे आहेत. अशा दुखण्यामागे फायब्रोमायल्जिया असू शकतो किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम. काहींना दोन्ही एकदम असतात. तथापि वेदनेचे स्थान दोहोंत सारखे नाही.

फायब्रोमायल्जियात वेदना हाच मुख्य विकार. सांधे झिजलेले नसतात, सूजही नसते. मेंदू व मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, म्हणून हलका दाबही असह्य होतो. 1990 च्या अमेरिकन निकषांत शरीरावरील 18 ठरावीक बिंदूंपैकी किमान 11 दाबल्यावर दुखणे आवश्यक होते. 2010 पासून बिंदू मोजण्याऐवजी वेदना किती भागांत पसरली आहे आणि झोप, थकवा, स्मरण यांची स्थिती काय, हे पाहतात. त्रास किमान 3 महिन्यांचा असावा लागतो.

क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये अंगदुखी, डोकेदुखी पुष्कळांना असते. पण 2015 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने जे निकष सुचविले, त्यांत वेदना अनिवार्य नाही. तेथे मुख्य खूण म्हणजे श्रमानंतरची घसरण. लग्नघरातील एका दिवसाची धावपळ त्या दिवशी निभावते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मनुष्य अंथरुणाला खिळतो आणि सावरायला कधी कधी आठवडे लागतात. डोक्याने केलेल्या कामानेही हे घडते, ही गोष्ट दुकानात दिवसभर आकडेमोड करणाऱ्याच्या घरी कोणाला पटत नाही.

हा भेद केवळ नावापुरता नाही. फायब्रोमायल्जियात बेताबेताने वाढविलेला व्यायाम हा उपचारांतील सर्वांत भक्कम आधार मानला जातो. दुसऱ्या व्याधीत मात्र ठरल्या प्रमाणात व्यायाम वाढवीत नेण्याची पद्धत ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये शिफारशींतून काढून टाकली. तेथे शक्ती शिल्लक ठेवूनच काम करणे हे पथ्य. ‘जरा चालत जा, बरे वाटेल’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला एकाला तारक, तर दुसऱ्याला मारक ठरू शकतो.

थायरॉइड, रक्तक्षय यांसारखी कारणे डॉक्टरांनी आधी तपासावीत. सोबत पंधरा दिवसांची टिपणवही न्यावी: कोणते काम केले, वेदना केव्हा वाढली, त्याच दिवशी की दोन दिवसांनी. रोजमेळ लिहिणाऱ्या घरांना ते अवघड नाही.