चोकमधून जाणारी हवा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतीय रेल्वेच्या एअर ब्रेकमध्ये टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये जाते ती एका बारीक, ठरावीक व्यासाच्या छिद्रातून. यालाच चोक म्हणतात. प्रवासी डब्याचा सिलिंडर ३ ते ५ सेकंदांत भरायला हवा, मालगाडीच्या वाघिणीचा मात्र १८ ते ३० सेकंदांत. लांब मालगाडीत पुढचे ब्रेक झटकन आवळले, तर मागच्या वाघिणी पुढच्यांवर आदळतात. म्हणून ही वेळ चोक लावून जाणीवपूर्वक वाढवलेली असते. इतकं ज्यावर अवलंबून आहे, त्या छिद्राचं गणित मांडताना काही चुका वारंवार होतात.

गैरसमज १: दोन बाजूंच्या दाबांतला फरक वाढला की प्रवाह वाढतोच.

वस्तुस्थिती: एका मर्यादेपर्यंतच. पुढचा दाब मागच्या दाबाच्या सुमारे ०.५३ पटीवर आला की छिद्रातल्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका होतो. त्यानंतर पुढचा दाब आणखी कमी झाला तरी त्याची खबर मागे पोहोचत नाही, कारण दाबातला बदल हवेतून ध्वनीच्याच वेगाने पसरतो. सँ-व्हनाँ आणि वांत्सेल या फ्रेंच संशोधकांनी १८३९ मध्येच हे प्रवाहाचं सूत्र मांडलं होतं. या स्थितीत प्रवाह ठरतो तो मागचा दाब, तापमान आणि छिद्राचं क्षेत्रफळ यांवर.

गैरसमज २: गेजवरचा आकडा तसाच सूत्रात घालावा.

वस्तुस्थिती: सूत्राला निरपेक्ष दाब लागतो, म्हणजे गेजच्या आकड्यात वातावरणाचा सुमारे १ किलो मिळवायचा. टाकीत गेजवर ६ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) असेल तर खरा दाब ७. त्याची ०.५३ पट ३.७, म्हणजे गेजवर २.७. टाकीतला दाब टिकून असेल तर सिलिंडर २.७ पर्यंत एका लयीत भरतो आणि तिथून ३.८ या त्याच्या कमाल दाबापर्यंत मंदावत जातो. ब्रेक सुटताना तर गेजचा आकडा पूर्ण फसवतो. बाहेरचा दाब शून्य धरला की गुणोत्तर कायम शून्यच येतं आणि हवा शेवटपर्यंत ध्वनिवेगाने निघतेय असं गणित सांगतं. प्रत्यक्षात सिलिंडर ०.९ किलोच्या आसपास आला की ती स्थिती संपते.

गैरसमज ३: पाण्याचं सूत्र आणि ०.६ हा गुणांक हवेलाही चालतो.

वस्तुस्थिती: दाबातला फरक अगदी थोडा असेल तरच. धारदार कडेच्या छिद्राचा गुणांक दाबाचं गुणोत्तर उतरेल तसा ०.६ वरून ०.८४ च्या आसपास चढतो. व्हॉल्व्ह किंवा फिटिंगमध्ये तर ध्वनिवेगाची मर्यादा ०.५३ च्या बरीच खाली लागू शकते. म्हणून आयएसओ ६३५८ हे मानक अशा भागांसाठी प्रत्यक्ष मोजलेले आकडे वापरायला सांगतं.

गैरसमज ४: निम्म्या वेळेत निम्मा दाब उतरतो.

वस्तुस्थिती: दाब उतरेल तसा प्रवाहही घटतो. सुरुवातीला गेजचा काटा झपाट्याने खाली येतो, पुढे रेंगाळतो. मालगाडीचे ब्रेक सुटायला ४५ ते ६० सेकंद दिलेले असतात. तो वेळ तपासताना ३.८ पासून ०.४ किलोपर्यंतच मोजतात, पार शून्यापर्यंत नाही.

गैरसमज ५: छिद्र पक्कं आहे, म्हणजे त्याचं माप बदलत नाही.

वस्तुस्थिती: घाण साचली की ते लहान होतं, तार घालून साफ केलं की मोठं. प्रवाह व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १ मिलिमीटरचं छिद्र १.१ झालं की क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं आणि सिलिंडर भरण्याचा वेगही तेवढ्याच प्रमाणात वाढतो. तेव्हा वेळ जुळत नसेल तर सूत्रात गुणांक फिरवत बसण्याआधी चोक काढून त्याचा व्यास मोजावा.