कंड्या कां पिकतात?

खोट्या वार्तेवर विश्वास ठेवणारा मनुष्य अडाणीच असला पाहिजे, असा आमच्या सुशिक्षित बंधूंचा समज आहे. तो आम्हांस मान्य नाहीं.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईंत ग्रंथिज्वराची सांथ उघडकीस आली, आणि पुढल्याच महिन्यांत गिरणी-कामगारांचा जमाव आर्थर रोडवरील सांथीच्या इस्पितळावर चालून गेला. कारण काय, तर तेथें रोग्यांच्या देहांतून मोमियाई काढतात अशी कंडी पिकली होती! राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास त्याच सुमारास कोणी डांबर फासलें होतें. त्याच्या सुडापायीं राणीनें प्रजेचीं काळजें मागविलीं आहेत, असेंही लोक बोलत.

वाचकांस हंसूं येईल. पण त्या कामगाराच्या जागीं क्षणभर उभें राहून पाहावें. चाळींत उंदीर मरून पडतात. पाठोपाठ माणसें मरतात. कशानें, हें डॉक्टरांसही धड ठाऊक नव्हतें. रोगाचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँगांत सांपडला होता खरा. परंतु तो पिसवेमार्फत पसरतो हें सिमोंड या फ्रेंच डॉक्टरानें दाखविलें तें १८९८ सालीं, आणि विद्वानांनीं तें पुढें बरींच वर्षें मानलें नाहीं. एवढ्या संहाराच्या मुळाशीं एक पिसू, हें विद्वानांसही क्षुद्र वाटलें असावें! मोठ्या अनर्थास मनुष्याचें मन कर्ताही मोठाच शोधतें. शिवाय, कर्ता सांपडला म्हणजे संतापास वाट मिळते. आपल्या हातीं कांहींच उरलें नाहीं असें ज्यास वाटतें, त्यास योगायोगांतही हेतु दिसूं लागतो, असें आजचें मानसशास्त्रही सांगतें.

बरें, संशय तरी हवेंतून आला होता काय? घरांत शिरून रोगी उचलून नेणारीं सरकारी माणसें खरीं होतीं. नेलेल्यांपैकीं पुष्कळ जिवंत परतत नसत, हेंही खरें होतें. कंडी खोटी, तिच्याखालचा अविश्वास मात्र खोटा नव्हे. डॉ. हाफकीन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. अविश्वासास उत्तर द्यावयाचें तें असें.

हा सगळा जुना इतिहास, असें कोणी म्हणेल. २०२० सालीं करोनाच्या दिवसांत इस्पितळांचीं दारें नातलगांस बंद झालीं, तेव्हां पंजाबांत काय कंडी पिकली? रोग्यांचे अवयव काढून घेतात! मोमियाईच ती, फक्त या खेपेस ती मोबाईलवरून फिरली, आणि पुढें धाडणारांत पदवीधरही होते. दार बंद करणें रोगामुळें भाग असेल. पण दारास कांच बसविण्यास, आणि रोज सायंकाळीं नातलगास रोगी दुरून दाखविण्यास कोणत्या शास्त्राची हरकत आहे, हें आरोग्यखात्यानें पुढली सांथ येण्यापूर्वीं सांगावें.